खिशात पैसे नसताना मालमत्तेच्या गुंतवणुकीत पहिलं पाऊल कसं टाकायचं

घर शून्य पैशात कुणालाच मिळत नाही. विकणाऱ्याला त्याची पूर्ण किंमत मिळतेच. ती तुमच्या खिशातून जात नाही, एवढाच त्या ‘शून्या’चा अर्थ. मग ती बँकेच्या खिशातून जाते, भागीदाराच्या जाते, किंवा खुद्द विकणारा ती हप्त्याहप्त्याने घ्यायला तयार होतो. आणि ज्याचा पैसा अडकला आहे तो बदल्यात काहीतरी मागणारच. कुणी व्याज मागेल, कुणी हिस्सा, कुणी तुमची दोन वर्षांची मेहनत, तर कुणी नुसती जामिनाची सही.

म्हणून या विषयातली कुठलीही योजना समोर आली की मी आधी तीन गोष्टी विचारतो. पैसा कुणाचा? त्याच्या मोबदल्यात मी काय देतोय? आणि गणित बिघडलं तर वसुलीसाठी कुणाचं दार वाजणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याच्याकडून शिकवणी घेऊ नये, मग त्याच्या कार्यशाळेची जाहिरात कितीही झगमगीत असो. २००८ च्या आधी अमेरिकेत उत्पन्नाचे कागद न बघता, डाऊन पेमेंट न घेता सर्रास घरकर्जं दिली जात होती. तिथल्या घरांच्या किमती २००६ च्या शिखरावरून २०१२ पर्यंत देशभरात सरासरी चतुर्थांशाहून जास्त उतरल्या. ज्यांनी स्वतःचं काहीच घातलं नव्हतं त्यांचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं झालं, आणि लाखो घरं जप्तीत गेली.

एवढं वाचूनही उत्साह टिकला असेल तर पुढे चला. रस्ता आहे, सोपा म्हणून विकला जातो तेवढा सोपा नाही, इतकंच.

आधी स्वतःचा हिशोब

मालमत्ता बघायला बाहेर पडण्याआधी एक कागद घ्या. महिन्याला हातात येणारी रक्कम, ठरलेले खर्च, चालू हप्ते आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यावर मांडा. कार्डाची थकबाकी असेल तर मालमत्ता राहू द्या, आधी ती फेडा. ते व्याज इतकं चढं असतं की कुठल्याही घराचं भाडं त्याला पुरं पडत नाही.

मग स्वतःचा क्रेडिट अहवाल काढा. पैसे कमी असलेल्या माणसाकडे पत हेच भांडवल असतं. जुना चुकलेला हप्ता, कुणासाठी राहिलेला आणि विसरलेला जामीन, बंद करूनही नोंदीत चालू दिसणारं कर्ज, असल्या गोष्टी तिथे सापडतात आणि दुरुस्त व्हायला महिने लागतात. व्यवहार ठरल्यावर त्या उघडकीला आल्या तर दिलेला इसार बुडायची वेळ येते.

शेवटची ओळ राखीव रकमेची. घरखर्च आणि भावी हप्ता मिळून किमान सहा महिने भागतील एवढी रक्कम बाजूला हवी. ‘पैसे नाहीत म्हणून तर हा लेख वाचतोय’ असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण डाऊन पेमेंट दुसऱ्याचं चालतं, राखीव रक्कम स्वतःचीच लागते. ती जमेपर्यंतचा काळ ही खरं तर शिकण्याची मुदत आहे. त्या काळात एकच भाग निवडा आणि तिथली पन्नास-साठ घरं बघा. मागितलेली किंमत, शेवटी झालेला सौदा आणि मिळणारं भाडं वहीत लिहीत जा. एकसष्टावं घर बघताना दलालाने आकडा सांगायच्या आधी तुमच्या तोंडून आकडा निघेल. पैसे नसलेल्या माणसाकडे दुसऱ्याला देण्यासारखं हेच एक असतं. त्या भागाची त्याला इतरांपेक्षा जास्त माहिती असते.

शंभराचं गणित

चलन कुठलंही असो, घराची किंमत १०० धरली की गणित स्वच्छ दिसतं.

समजा बँक ८० देते, तुम्ही २० घालता. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचे हप्ते होतात साधारण ८.६. आता भाडं. वर्षभराचं भाडं किमतीच्या ४ टक्के मिळालं, तर आले ४. त्यातून घर रिकामं राहिलेला काळ, दुरुस्ती, मालमत्ता कर, देखभाल आणि विमा यांचा मिळून १ काढा. एक महिना घर रिकामं राहिलं तरी वर्षाच्या भाड्यातले आठ टक्के गेले, हे विसरू नका. हातात उरले ३. हप्ता ८.६. म्हणजे सुरुवातीला २० घालूनही दरवर्षी ५.६ पदरचे टाकायचे.

हे गणित आता उलटं करू. कर्ज देणारे जाणकार सहसा पाहतात की खर्च वजा जाता उरलेलं भाडं वर्षाच्या हप्त्यांच्या निदान सव्वापट असावं. ३ ला सव्वाने भागलं की २.४. वर्षाला २.४ एवढ्या हप्त्यात ९ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी कर्ज किती मिळतं? साधारण २२. म्हणजे हे घर स्वतःच्या जिवावर फक्त २२ चं कर्ज ओढू शकतं. उरलेल्या ५८ चं ओझं तुमच्या पगारावर आहे, घरावर नाही.

दुसरा बाजार घेऊ, जिथे भाडं चांगलं आणि कर्ज स्वस्त आहे. भाडं वर्षाला ९, खर्च ३, उरले ६. व्याज ६ टक्के, मुदत ३० वर्षं. ८० च्या कर्जाचे वर्षाचे हप्ते ५.८. कसंबसं जमलं. पण इथेच पूर्ण १०० चं कर्ज काढलं तर हप्ते ७.२ होतात आणि खिशातून १.२ जाऊ लागतात. इतक्या चांगल्या बाजारातही शून्य डाऊन पेमेंटचं घर दर महिन्याला तुमच्याकडे हात पसरतं. जाहिरातीत हे वाक्य कधीच नसतं.

कर्जाची धार दोन्हीकडून चालते. २० घालून घेतलेलं १०० चं घर ११० ला गेलं तर तुमच्या २० वर १० मिळाले, म्हणजे पन्नास टक्के (हप्ते आणि खर्च सोडून). तेच घर ८० ला आलं तर तुमचे सगळे २० गेले आणि कर्ज जसंच्या तसं. शिवाय ९ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात दहा वर्षं नेमाने हप्ते भरल्यावरही मुद्दलाचा ७१ टक्के भाग शिल्लक असतो, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतांश व्याजातच जातात. पाच वर्षांत विकून मोकळं होऊ म्हणणाऱ्यांनी बँकेकडून हप्त्यांचा तक्ता मागून घ्यावा आणि साठाव्या ओळीवर बोट ठेवून बघावं.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक आकडेमोड करा. ९ चे १० टक्के झाले की हप्ता साधारण सात टक्क्यांनी वाढतो. ११ झाले तर पंधरा टक्क्यांच्या आसपास. तेवढा हप्ता झेपेल का? भाडं तर करारात बांधलेलं आहे, ते काही वाढायचं नाही.

आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली, बँकेची प्रक्रिया-फी यांची बेरीज वेगळी करा. कर्ज देणारे सहसा ही रक्कम कर्जात धरत नाहीत, त्यामुळे ती रोख लागते. ‘डाऊन पेमेंटची सोय झाली’ म्हणून आनंदलेला माणूस नेमका इथे अडतो.

कमी पैशातले मार्ग

सगळे मार्ग सगळ्यांसाठी नाहीत. मला जे पहिल्या व्यवहाराला योग्य वाटतात त्यांच्यावर जास्त लिहितो.

*राहत्या घराचा काही भाग भाड्याने देणं.* दोन-तीन स्वतंत्र भाग पडतील असं घर घ्यायचं, एका भागात स्वतः राहायचं, बाकीचे भाड्याने द्यायचे. यात जादू आहे असं सांगितलं जातं, ते खोटं. तुम्ही राहता त्या भागाचं वाचलेलं भाडं आणि बाकीच्यांचं आलेलं भाडं यांची बेरीज पूर्ण घराच्या भाड्याएवढीच होते. वरच्या गणितातले ४ काही ६ होत नाहीत. फायदा दुसरीकडे आहे. स्वतः राहणाऱ्याला कर्ज सहसा कमी व्याजाने आणि कमी डाऊन पेमेंटवर मिळतं. अमेरिकेत १९३४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहविभागाच्या हमीवर साडेतीन टक्के भरून चार भागांपर्यंतची इमारत घेता येते, मुख्य अट अशी की त्यातल्या एका भागात मालकाने राहावं. माजी सैनिकांना तर १९४४ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेत डाऊन पेमेंटच लागत नाही. पहिल्या घरासाठी सवलतीच्या योजना अनेक देशांत आहेत. तुमच्याकडची कोणती, तिचं उत्पन्नाचं बंधन काय, किती वर्षं विकता येत नाही, हे आधी शोधा. ‘शून्य पैशात’ला सरळ, कायदेशीर उत्तर असेल तर ते बहुतेक इथेच असतं.

दुसरा फायदा असा की भाडेकरू भिंतीपलीकडे असल्याने तुम्ही घरमालकी फार लवकर शिकता. गळका नळ, थकलेलं भाडं, रात्री अकराचा आवाज, सगळं. काहींना पहिल्या सहा महिन्यांत कळतं की हे आपलं काम नाही. ते एकाच घरात कळलेलं बरं.

*विकणाऱ्यालाच हप्त्याने पैसे देणं.* काही विकणाऱ्यांना एकरकमी पैशाची घाई नसते. घर कर्जमुक्त असतं, दुरुस्ती निघालेली असते, बँक त्या अवस्थेत कर्ज देत नाही, आणि मालकाला दरमहा ठराविक रक्कम मिळाली तर हवीच असते. अशा ठिकाणी १० आज, उरलेले ९० व्याजासह अमुक वर्षांत, असा करार होऊ शकतो. मागताना गयावया करू नका. विकणाऱ्याचा फायदा मांडा: घर लवकर जाईल, किंमत मनासारखी येईल, वर व्याज मिळेल.

यात जीवघेणा मुद्दा एकच, मालकी कधी बदलते. खरेदीखत आजच तुमच्या नावे होऊन बाकी रकमेसाठी घर विकणाऱ्याकडे गहाण राहिलं, तर तुम्ही मालक आहात आणि गहाणाचे कायदे तुमचं रक्षण करतात. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी त्याच्याकडेच, असा करार असेल तर एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. हे कल्पनेतलं भय नाही. शिकागोत १९५०-६० च्या दशकांत कृष्णवर्णीय कुटुंबांना बँका कर्ज देत नव्हत्या, म्हणून त्यांनी फुगवलेल्या किमतीला अशाच करारांवर घरं घेतली, आणि हप्ता चुकताच असंख्य कुटुंबं रस्त्यावर आली. त्यातूनच १९६८ मध्ये तिथल्या खरेदीदारांनी एकत्र येऊन संघटना बांधली, हप्ते रोखून धरले आणि कोर्टात गेले. करार वाचताना हे डोळ्यासमोर ठेवा.

तसंच विकणाऱ्याच्या घरावर आधीच बँकेचा बोजा असेल, तर त्या बँकेच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊ नका. घर हस्तांतरित झालं की पूर्ण कर्ज तत्काळ भरा, असं कलम बहुतेक कर्ज-करारांत असतं. शेवटी एकदम मोठी रक्कम फेडायची अट असेल तर तोवर बँकेचं कर्ज मिळेलच असं गृहीत धरू नका. मुदतवाढीचं कलम आजच घालून घ्या.

*भागीदारी.* एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे वेळ. पैसे नसलेल्या माणसासाठी हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग, आणि नाती तोडणाराही हाच. समजा भागीदाराने २० आणि वर राखीव ५ घातले. घर शोधणं, भाव करणं, दुरुस्ती करून घेणं, भाडेकरू सांभाळणं तुमच्याकडे. मग वाटणी कशी? सरळ अर्धी-अर्धी म्हणून मोकळे होणारे पुढे भांडतात, कारण पहिल्या वर्षी पैसे घालणाऱ्याला आपला वाटा कमी वाटतो आणि तिसऱ्या वर्षी राबणाऱ्याला. मला पटणारी रीत अशी: आधी भागीदाराला त्याच्या रकमेवर ठरलेला परतावा, मग त्याचं मुद्दल, त्यानंतर जे उरेल ते निम्मं-निम्मं. तुमचा वाटा शेवटी येतो, त्यामुळे त्याचा विश्वास बसतो.

हे सगळं लिहून काढा, भाऊ असला तरी. जादा पैसे लागले तर कोण घालणार, किती रकमेपुढच्या खर्चाला दोघांची संमती हवी, एकजण वारला तर त्याच्या वारसांचं काय, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार. शेवटच्या प्रश्नाला एक जुनी युक्ती चालते: एकाने आकडा सांगायचा, आणि त्या आकड्याला दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा की स्वतःचा विकायचा हे दुसऱ्याने ठरवायचं. पोरांमध्ये एकाने तुकडे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसंच. एक खोट मात्र आहे. ज्याच्याकडे रोख पैसा जास्त त्याचं यात पारडं जड राहतं. तुमच्याकडे पैसे नाहीत, म्हणून रक्कम उभी करायला चार-सहा महिन्यांची मुदत त्याच कलमात मागून ठेवा.

*मोडकं घर घेऊन दुरुस्त करणं आणि नव्या किमतीवर कर्ज काढणं.* दुरुस्तीनंतर १०० किमतीचं होईल असं घर ६० ला घेतलं. दुरुस्ती १५, व्याज आणि कागदपत्रं ८. गुंतले ८३. बँक नव्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज देते, म्हणजे ७५ परत आले, ८ अडकले. वाईट नाही. पण बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याने १०० ऐवजी ९० म्हटलं तर कर्ज ६७.५, आणि अडकले साडेपंधरा. हे सुरुवातीचे ६० बहुधा चढ्या व्याजाने घेतलेले खाजगी पैसे असतात, त्यामुळे काम दोन महिने लांबलं की व्याज आणि कागदपत्रांच्या ८ चे १० होतात. या धंद्यातल्या मुरलेल्यांचा एक ठोकताळा आहे: दुरुस्तीनंतरच्या किमतीचे ७० टक्के, वजा दुरुस्ती. इथे ७० वजा १५, म्हणजे ५५. त्याच्या वर बोलीच नाही. पहिल्याच व्यवहाराला हा मार्ग मी कुणाला सुचवणार नाही, स्वतः बांधकामातला माणूस असेल तर गोष्ट वेगळी.

*भाडेकरार, त्यात खरेदीचा हक्क.* आज भाड्याने राहायचं, दोन-तीन वर्षांनी ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क राखायचा, त्यासाठी सुरुवातीला एक लहान रक्कम द्यायची. घेतलं नाही तर ती रक्कम गेली. पत सुधारायला वेळ हवा असेल तर उपयोगी. हक्काचा करार नोंदवता येत असेल तिथे नोंदवाच, नाहीतर मालक मधल्या मध्ये दुसऱ्याला विकतो आणि तुम्ही फक्त भाडेकरू उरता.

*साठेखत करून हक्क दुसऱ्याला देणं.* स्वस्त घर शोधायचं, मालकाशी करार करायचा आणि खरेदीआधीच तो करार नफा घेऊन खऱ्या खरेदीदाराला द्यायचा. याला गुंतवणूक म्हणू नये, ही दलाली आहे. चांगली दलालीही कष्टाचीच कमाई असते. पण बऱ्याच ठिकाणी त्याला परवाना लागतो, आणि अडचणीत असलेल्या म्हाताऱ्या मालकाला खरी किंमत न सांगता सही घेणं हा प्रकार यात सर्रास चालतो. तसं करायचं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

*घर भाड्याने घेऊन पुढे पर्यटकांना देणं.* मालमत्ता न घेता उत्पन्न, म्हणून आकर्षक. पण तुम्ही ठराविक भाड्याला बांधलेले असता आणि येणारं उत्पन्न हवेवर. २०२० मध्ये प्रवास थांबला तेव्हा अशा कितीतरी जणांच्या डोक्यावर महिनोन्‌महिने भाडं चढत राहिलं. नियमही बदलतात. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अल्पमुदतीच्या भाड्यावर कडक नोंदणी लावली. बार्सिलोनाने २०२८ पर्यंत पर्यटकांच्या सदनिकांचे परवाने संपवायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. मूळ मालकाची लेखी परवानगी नसेल तर विषय तिथेच संपतो.

*रीट.* हा मार्ग कंटाळवाणा आहे, म्हणून त्याची शिकवणी कुणी विकत नाही. रीट म्हणजे भाड्याच्या मालमत्ता बाळगणारी संस्था, जिचे भाग शेअर बाजारात लहान रकमेत घेता येतात. अमेरिकेत आयझेनहॉवर अध्यक्ष असताना १९६० च्या कायद्याने ही रचना सुरू झाली. ऑस्ट्रेलियात पहिला असा ट्रस्ट १९७१ मध्ये आला, जपानमध्ये २००१, सिंगापूरमध्ये २००२. भारतात शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ मध्ये नियम केले आणि पहिलं रीट २०१९ मध्ये बाजारात आलं. वाटण्याजोग्या उत्पन्नापैकी बहुतांश, अनेक देशांत ९० टक्के, गुंतवणूकदारांना वाटावंच लागतं. घराचा ताबा नाही, पण रात्री नळ फुटल्याचा फोनही नाही. व्याजदर चढले की भाव पडतात, हा त्यातला धोका. राखीव रक्कम मात्र इथे ठेवू नका, ती बँकेतच बरी. रीटचे वार्षिक अहवाल फुकट वाचायला मिळतात: किती जागा रिकामी, कुठले भाडेकरार कधी संपतात, कर्ज किती. मोठे लोक कोणते आकडे बघतात हे त्यातून शिकायला मिळतं, आणि त्यासाठी एक पैसाही गुंतवावा लागत नाही.

कागद

आतापर्यंत पैशाची बाजू झाली. पैसे कमी असलेल्याला कागदातली चूक जास्त महाग पडते, कारण कोर्टात वर्षानुवर्षं थांबायची त्याची ऐपत नसते.

एक फरक नीट समजून घ्या. रॉबर्ट टॉरेन्सने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये अशी पद्धत सुरू केली की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. ही पद्धत पुढे बऱ्याच देशांनी घेतली. पण जगात अनेक ठिकाणी, भारतातही, मुख्यतः दस्ताची नोंद होते. तिथे नोंदणीचा शिक्का एवढंच सांगतो की हा कागद अमुक दिवशी दाखल झाला. विकणारा खरंच मालक होता की नाही, हे तो शिक्का सांगत नाही. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते विचारा. दुसरी असेल तर शोध तुम्हालाच घ्यावा लागतो.

निदान तीस वर्षांची मालकीची साखळी बघायची. मध्ये कुणी वारलं असेल तर सगळे वारस, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या मुली, कागदावर आहेत का? विकणारा कुलमुखत्यारपत्रावर सही करत असेल तर मूळ मालक हयात आहे का, आणि ते पत्र रद्द झालेलं नाही ना? बोजा, थकलेला कर, वीज-पाण्याची थकबाकी, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतला फरक. आणि ताबा नेमका कुणाकडे आहे? घरात राहणाऱ्याशी स्वतः बोला, मालक समोर नसताना. वकील तुमचा असावा. विकणाऱ्याने किंवा दलालाने ‘आपलेच आहेत’ म्हणून दिलेला नको. सगळा खर्च वाचवा, हा नको.

घर बघायलाही वेगवेगळ्या वेळी जा. मी एक घर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा दुपारी. छान शांत वाटलं. घेतल्यावर कळलं की पहाटे चारला शेजारच्या गोदामात ट्रक लागतात. पहिला भाडेकरू सात आठवड्यांत गेला. पावसात जाणं तर सोन्यासारखं. ओल आणि तुंबलेलं गटार रंगाखाली लपत नाही.

‘हमखास परताव्या’बद्दल दोन शब्द

बांधकाम पूर्ण होईपर्यंत दरमहा ठराविक रक्कम देऊ, असं सांगणाऱ्याचा हिशोब उलगडून बघा. इमारत उभी नाही, भाडेकरू नाही, मग ती रक्कम येते कुठून? बहुतेकदा तुम्ही चढ्या भावाने दिलेल्या किमतीतूनच, किंवा तुमच्यानंतर आलेल्याच्या पैशातून. २०२१ मध्ये चीनची एव्हरग्रँड ही प्रचंड बांधकाम कंपनी देणी थकवू लागली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या कित्येकांची घरं अर्धवट उभी राहिली, आणि काहींचे त्या न बांधलेल्या घराचे हप्ते चालूच होते. कंपनी मोठी आहे हा पुरावा नसतो. कमी पैशात सुरुवात करणाऱ्याने पहिली मालमत्ता उभी असलेली, आत जाऊन दार लावून बघता येईल अशी घ्यावी, थोडी लहान किंवा जुनी असली तरी चालेल.

सौदा ठरवताना

बोली देण्याआधी आपला वरचा आकडा वहीत लिहा आणि तारीख टाका. बोलणी रंगली की तो आकडा आपोआप सरकू लागतो, म्हणून कागदावर हवा. इसार देताना दोन अटी लेखी मागा: कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत, आणि मालकी हक्कात दोष निघाला तर इसार परत. विकणारा किमतीवर अडला असेल तर मुदतीवर बोला. कितीतरी वेळा त्याला किमतीपेक्षा ताबा कधी सोडायचा याची चिंता जास्त असते. आणि नाही म्हणता यायला हवं. साठ घरांतून एक घेणं म्हणजे एकोणसाठ वेळा नाही म्हणणं.

कर्जासाठी निदान तीन ठिकाणी विचारा. व्याजदरासोबत मुदतीआधी फेडलं तर दंड किती, दर कशाशी जोडलेला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो, हेही लिहून घ्या. अर्जात उत्पन्न फुगवणं किंवा भाड्याने द्यायचं घर ‘राहण्यासाठी’ म्हणून दाखवणं हा गुन्हा आहे. दलालाने ‘सगळेच करतात’ म्हटलं तरी सही तुमची असते.

चावी हातात आल्यावर

भाडेकरू निवडताना घाई करू नका. नोकरीचा पुरावा, आधीच्या घरमालकाशी बोलणं, ओळखपत्राची पडताळणी, आणि लेखी करार. आताच्या नव्हे, त्याच्या आधीच्या घरमालकाला फोन करा; आताच्याला कदाचित तो जायलाच हवा असेल. घर देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांच्या सहीच्या यादीला जोडा. डिपॉझिटचं भांडण यानेच वाचतं. डिपॉझिट ही तुमची कमाई नाही, ती परत द्यायची रक्कम आहे. खर्च करू नका.

मालमत्तेसाठी वेगळं बँक खातं उघडा, आणि पहिलं भाडं आलं की त्याच दिवशी वाटून टाका. आधी हप्ता. मग कर आणि विम्याचा बारावा हिस्सा. मग दुरुस्तीसाठी भाड्याचा दहावा भाग, दुरुस्ती निघालेली नसली तरी. रिकाम्या महिन्यासाठी भाड्याचा बारावा भाग. एवढं करून काही उरलं तर ते राखीव रकमेत टाका, आणि उणे आलं तर तो आकडा वहीत तांबड्या शाईने लिहा. बारा महिन्यांचे बारा आकडे जमले की दुसऱ्या घराच्या कर्जासाठी बँकेसमोर ठेवायचा पहिला कागद तयार झाला. भागीदार शोधायला जाल तेव्हाही तोच दाखवायचा, तांबड्या आकड्यांसकट.